मोहाचे फूल आणि संकटकाळचा खजिना

संकटकाळी सार्वजनिक पैसा कोणासाठी व कशासाठी खर्च व्हावा, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ सुबत्तेच्या सात वर्षांत फारोची कोठारे भरून ठेवतो आणि दुष्काळाच्या सात वर्षांत ती उघडतो. त्या कथेत धान्य आहे, फूल नाही. फूल ही शोभेची वस्तू, असे आपण गृहीत धरलेले असते. म्हणूनच एखाद्या फुलबागेला किंवा फुलांच्या हंगामाला सरकारने आपत्कालीन मदत दिली असे ऐकले, की आपल्याला प्रथम नवल वाटते आणि मग थोडा रागही येतो. माणसे उपाशी असताना फुलांवर खर्च कशाला, असा तो राग असतो. इतिहास मात्र या प्रश्नाचे इतके सोपे उत्तर देत नाही. प्रस्तुत लेखात दोन फुलांची हकिकत मांडावयाची आहे. एक आपल्या गोंदिया जिल्ह्यातील मोह, दुसरे नेदरलँड्समधील ट्युलिप. दोन्हींचा बहर काही आठवड्यांचाच, आणि दोन्हींनी उपासमारीच्या काळात माणसांच्या पोटाला आधार दिलेला. तरीही खजिन्याच्या दारात दोघांना मिळालेली वागणूक फार वेगळी आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्यामुळे त्याचा जुना इतिहास भंडारा जिल्ह्याच्याच नोंदींत वाचावा लागतो. भाताची शेती, तलाव आणि जंगल या तीन गोष्टींवर हा प्रदेश जगत आला. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील रानात फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. त्याची पांढरट पिवळी, मांसल व गोड फुले पहाटेपासून जमिनीवर गळू लागतात. बायामुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, वेचलेली फुले अंगणात वाळवतात आणि ती तांबूस झाली की साठवून ठेवतात. ताजी फुले खाल्ली जातात, वाळलेली भाजून किंवा शिजवून खातात, काही विकली जातात आणि काहींची दारू गाळली जाते. पुढे फळ धरते, त्या टोळांच्या बियांचे तेल निघते. शेतासाठी रान तोडतानाही येथील माणूस मोहाचे झाड सहसा उभेच ठेवतो, यातच त्याचे मोल आले. भात सरलेला आणि पाऊस लांब असलेला काळ हाच या फुलाचा काळ. गरिबाच्या घरी तेच संकटकाळचे कोठार होते.

ही केवळ लोकसमजूत नव्हे. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये भात बुडाला. त्या वर्षी मोहाला अपूर्व बहर आला होता आणि त्याने हजारो गरिबांना भूकबळीपासून वाचविले, अशी नोंद तत्कालीन इंग्रज निरीक्षकांनी करून ठेवली आहे. या दुष्काळात मदतकार्याची सूत्रे सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे होती. हे टेंपल आपल्या प्रदेशाला अपरिचित नव्हते. १८६० नंतरच्या दशकात ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. बिहारमध्ये त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला, सढळ हाताने वाटला, आणि भूकबळी फारच थोडे झाले. परंतु सरकारी पैशाची उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. या टीकेचा परिणाम असा झाला, की १८७७ मध्ये मद्रासच्या दुष्काळात पाहणीसाठी गेलेल्या याच टेंपल यांनी कामावरील मजुरांचे धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत खाली आणले. एकाच अधिकाऱ्याच्या हातून तीन वर्षांच्या अंतराने असे दोन उलट निर्णय झाले. दयेचा हिशेब मागितला गेला. निर्दयतेचा हिशेब त्या वेळी कोणी मागितला नाही.

या अनुभवांतून काही व्यवस्था उभ्या राहिल्या. १८७८ मध्ये दुष्काळ विम्यासाठी दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला ठेवण्याचे ठरले. हा पैसा इतरत्र वळविला जातो, अशी तक्रार हिंदी पुढारी पुढे अनेक वर्षे करीत राहिले. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. नागपूर-छत्तीसगड हा लोहमार्गही याच दुष्काळांच्या पाठोपाठ घातला गेला, आणि त्याच मार्गावरील स्थानकाभोवती आजचे गोंदिया शहर वाढले. मध्य प्रांताचा स्थानिक स्वराज्य कायदा १८८३ चा. त्यान्वये जिल्हा मंडळे स्थापन झाली. रस्ते, शाळा, दवाखाने व कोंडवाडे यांचा कारभार त्यांच्याकडे आला. पण त्यांचे उत्पन्न तुटपुंजे असल्यामुळे दुष्काळाचा खरा पैसा वरून, प्रांताच्या व साम्राज्याच्या खजिन्यातूनच यावा लागे. गावाचे दुःख ज्याला जवळून दिसत होते, त्याच्या हाती पैसा नव्हता. ज्याच्या हाती पैसा होता, तो गावापासून दूर होता.

याचे फळ लवकरच दिसले. १८९६ मध्ये पाऊस अवेळी संपला आणि भात करपला. १८९९ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला. संहितेप्रमाणे चाचणीची कामे, मजुरीची कामे, गरीबगृहे, अन्नछत्रे, सर्व काही कागदावर होते. परंतु १८९७ मध्ये मध्य प्रांतात ही यंत्रणा अनेक ठिकाणी मंदगतीने हलली. १९०० मध्ये मदत पुष्कळ अधिक उदारपणे दिली गेली, हेही नमूद केले पाहिजे. तरीही १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ टक्क्यांनी घटली आणि १९०१ च्या शिरगणतीत ती ६,६३,०६२ भरली. मदतीच्या कामावर जाण्याचे त्राण नसलेल्यांना आणि गाव सोडण्यास न धजणाऱ्यांना रानातील कंद, पाला व मोह यांचाच आधार होता. संहितेत मजुरीचे दर होते, खोदलेल्या मातीचे माप होते. मात्र जे फूल लोकांना जगवीत होते, त्याच्या रक्षणासाठी किंवा साठवणुकीसाठी खजिन्यातून पैसा ठेवण्याची कल्पना कोणाला सुचली नाही.

सरकारला मोह दिसला तो दुसऱ्याच कारणाने. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहाविषयी स्वतंत्र कायदा झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर व विकण्यावर त्याने निर्बंध घातले. वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. चोरटी दारू गाळली जाते आणि अबकारीचे उत्पन्न बुडते, ही सरकारची तक्रार होती. हे गरिबांचे व गुराढोरांचे खाद्य आहे, असे विरोधक सांगत होते. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीच्या कायद्यातही मोहफुलांवरील नियंत्रण कायम राहिले. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक धर्मगुरूने पाहिलेली असतात. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. परंतु दारूच्या भट्टीला आवर घालणे वेगळे आणि वेचणाऱ्या बाईच्या टोपलीवर संशय घेणे वेगळे. शंभराहून अधिक वर्षे खजिन्याने या फुलाकडे महसुलाच्या व गुन्ह्याच्या नजरेने पाहिले, अन्नाच्या नजरेने क्वचितच.

आता दुसऱ्या फुलाकडे वळू. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये जर्मन सैन्याने अन्नाची वाहतूक रोखली. शहरांतून सुमारे वीस हजार माणसे उपासमारीने दगावली. युद्धामुळे निर्यात न झालेले ट्युलिपचे कंद गोदामांत पडून होते. लोकांनी ते विकत घेतले, त्यातील कडवट गाभा काढून टाकला आणि उकडून खाल्ले. जे फूल जगभर ऐश्वर्याचे चिन्ह मानले जाई, त्याचा कंद त्या हिवाळ्यात गरिबाच्या भांड्यात शिजला. युद्धानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, लिस्से या लहान गावाच्या महापौरांच्या पुढाकाराने कंद पिकविणारे व निर्यात करणारे एकत्र आले आणि एका जुन्या जहागिरीच्या आवारात त्यांनी वसंतातील फुलांचे प्रदर्शन योजिले. त्या जागेचे नाव क्युकेनहॉफ, म्हणजे स्वयंपाकघराची बाग. १९५० मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली आणि पहिल्याच वर्षी २,३६,००० माणसे पाहून गेली. वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असणारी ही बाग एका संपूर्ण परिसराच्या उदरनिर्वाहाची पेढी ठरली.

पाहण्यासाठी लोक येतात अशी फुले आपल्या राज्यातही आहेत. साताऱ्याजवळील कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटातील अन्य स्थळांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे वनखात्याच्या जोडीने गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेतात आणि व्यवस्था पाहतात. रानफुलांच्या हंगामातून गावाला उत्पन्न मिळू शकते, हे त्यावरून दिसते. पण तेथे पाहणारा बाहेरून येतो. मोहाला पाहणारा नाही, वेचणारा आहे.

२०२० च्या वसंतात एकाच रोगाने दोन्ही फुलांची परीक्षा घेतली. त्या वर्षी क्युकेनहॉफचे दार उघडलेच नाही. लाखो ट्युलिप फुलले आणि पाहणाऱ्यांवाचून सुकले. लिलावगृहांत न विकलेली फुले नष्ट करावी लागली. एप्रिलमध्ये तेथील सरकारने फुले व बागायती उत्पादकांसाठी साठ कोटी युरोंची मदत जाहीर केली. नुकसानीचा पहिला भाग उत्पादकाने सोसावा आणि उरलेल्याचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे तिचे स्वरूप होते. आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली, आणि नेमके तेच दिवस मोह गळण्याचे. गौण वनउपज गोळा करण्यास केंद्र सरकारने स्पष्ट सूट दिली ती १६ एप्रिलला. तीन आठवड्यांचा हा उशीर कागदावर लहान दिसतो. मोहाच्या हंगामात तो अर्धा हंगाम असतो. १ मे रोजी ४९ वनउपजांचे किमान आधारभूत भाव वाढविण्यात आले. निर्णय चांगला होता, परंतु तोवर पुष्कळ झाडांखालची जमीन रिकामी झाली होती.

एका फुलासाठी साठ कोटी युरो आणि दुसऱ्यासाठी उशिरा आलेली परवानगी, हा फरक केवळ श्रीमंत व गरीब देशांतला म्हणून सोडून देता येणार नाही. ट्युलिप पिकविणाऱ्याचे नाव, क्षेत्र, उलाढाल हे सारे कोठेतरी लिहिलेले होते. म्हणून त्याचे नुकसान मोजता आले आणि भरूनही देता आले. आपल्याकडे अवकाळी पावसाने भात आडवा झाला, की तलाठी पंचनामा करतो, कारण सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते. त्याच पावसाने मोहाची फुले कुजली तर पंचनामा कशाचा करावयाचा? रानात गळणारे फूल कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते. जे लिहिलेले नाही ते बुडाले असेही लिहिता येत नाही. खजिना क्रूर नसतो. पण तो अक्षरशत्रूही नसतो. जे नोंदले आहे, तेवढेच तो वाचतो.

सरकारने प्रत्येक रानफुलाचा भार वाहावा काय, असा आक्षेप कोणी घेईल. ट्युलिप हा करभरणा करणारा व्यवसाय आहे, मोह निसर्गाचे दान आहे, असेही म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मोहासाठी भरपाईपेक्षा तीन साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतील, असे वाटते. पहिली गोष्ट नोंद. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर वननिवासींची मालकी मान्य केली आहे. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नसल्यामुळे येथे याच कायद्याचा मुख्य आधार आहे. जिल्ह्यातील काही ग्रामसभांनी सामूहिक हक्क मिळविले असून तेंदूपानांचा व्यवहार स्वतः केलेला आहे. मोहाची झाडे, वेचणारी घरे आणि अंदाजे उत्पन्न यांची वही ग्रामसभेने ठेवली, तर तिची हाक खजिन्याला ऐकू जाईल. दुसरी गोष्ट साठवण. वाळलेले फूल ओल न लागता ठेवण्यास कोरडे गोदाम असेल, तर ते हंगामातच मातीमोल भावाने विकावे लागणार नाही. तिसरी गोष्ट वेळ. आपत्कालीन निधी गळतीच्या पहिल्या आठवड्यात गावाच्या हाती हवा. पावसाळ्यात आलेला पैसा चैत्राचे फूल परत आणीत नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांवरील जुने निर्बंध शिथिल केले. ती सुरुवात मानावी.

लिस्सेच्या महापौरांनी आणि तेथील शेतकऱ्यांनी १९४९ मध्ये जे ओळखले, ते असे, की ज्या फुलाने उपासमारीत साथ दिली त्याच्यासाठी सुबत्तेच्या दिवसांतच काहीतरी उभारून ठेवले पाहिजे. योसेफाची कोठारेही सुकाळातच भरली गेली होती. आपल्या जिल्ह्यातील मोहाने लोकांना अनेक दुष्काळांतून पार नेले. त्याच्या नावाची एक वही प्रत्येक ग्रामपंचायतीत असावी, एवढी मागणी अवाजवी नाही.