दुव्यांचें जाळें व उसनी बुद्धि

ज्या ग्रंथांत दुसऱ्या ग्रंथाचा आधार दिलेला असतो, त्या ग्रंथाचें पान एका अर्थानें त्या दुसऱ्या पानास बांधलेलें असतें. आपल्याकडील टीकाकार वचन कोणाचें तें सांगून मग आपलें मत मांडीत. युरोपांतील पंडित तीच गोष्ट तळटीपेनें साधीत. ‘हें कोठें सांगितलें आहे?’ असें विचारण्याचा वाचकाचा हक्क आणि त्याचें उत्तर देण्याचें लेखकाचें कर्तव्य, ह्या दोहोंवर विद्येचा सर्व व्यवहार चालत आला आहे. आज घरोघर वापरांत असलेलें संगणकांचें विश्वव्यापी जाळें हें मुळांत ह्याच जुन्या व्यवहाराचें विजेच्या वेगानें चालणारें रूप होय. हें जाळें दिवसेंदिवस अधिक गुंतत चाललें असून आतां त्यास बुद्धीही फुटली आहे, असें सांगण्यांत येतें. मग त्याचें पुढें काय होणार, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघतो. जन्मवेळ ठाऊक नसतां भविष्य वर्तविण्याचें धाडस ज्योतिषीही करीत नाहीं. म्हणून ह्या जाळ्याची जन्मकथा आधीं पाहावी, असें आम्हीं योजिलें आहे.

ही कथा संगणकाच्या पुष्कळ आधीं, ब्रुसेल्स शहरांत सुरू होते. १८९५ सालीं पॉल ओतले व आंरी ला फोंतेन ह्या दोन बेल्जियन कायदेपंडितांनीं जगांतील सर्व ग्रंथांची व लेखांची एकच सूचि करण्याचें काम हातीं घेतलें. पांच इंच लांब व तीन इंच रुंद अशा कार्डांवर एकेक नोंद लिहावयाची, आणि अमेरिकन ग्रंथपाल ड्यूई ह्यांच्या दशमान वर्गीकरणाचा विस्तार करून तीं कार्डें विषयवार लावावयाचीं, अशी त्यांची पद्धति होती. ह्या कार्डांची संख्या वाढत वाढत एक कोटीच्या वर गेली. दूरदेशींचे लोक टपालानें प्रश्न पाठवीत आणि तेथील कारकून कार्डें चाळून उत्तरें धाडीत. ह्या उद्योगामागें केवळ ग्रंथप्रेम नव्हतें. ला फोंतेन ह्यांस १९१३ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. ज्ञान एकत्र आलें कीं राष्ट्रेंही एकत्र येतील, अशी त्या दोघांची श्रद्धा होती. १९३४ सालच्या आपल्या ग्रंथांत ओतले ह्यांनीं तर अशी कल्पना केली कीं, वाचकाच्या मेजावर एकही पुस्तक नसावें, तेथें पडदा व टेलिफोन असावा, आणि दूरच्या इमारतींतील पुस्तकाचें हवें तें पान त्या पडद्यावर उमटावें.

परंतु ज्या वर्षीं हा ग्रंथ निघाला, त्याच वर्षीं बेल्जियन सरकारनें ह्या संस्थेचीं दालनें बंद केलीं. पुढें १९४० सालीं जर्मन सैन्यानें देश व्यापला आणि आपल्या कलाप्रदर्शनासाठीं तेथील संग्रह बाहेर काढला. १९४४ सालीं ओतले वारले. जो संग्रह उरला, तो आज मोंस शहरांत पाहावयास मिळतो. ज्ञानाचें सर्व जाळें एकाच इमारतींत व एकाच सरकारच्या मर्जीवर ठेवलें असतां काय होतें, हें ह्या इतिहासावरून स्पष्ट दिसतें.

दुसरा विचार अटलांटिकच्या पलीकडे निघाला. महायुद्धांत अमेरिकेचें शास्त्रीय संशोधन ज्यांच्या देखरेखीखालीं चाललें, त्या व्हॅनेव्हर बुश ह्यांनीं जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत एक लेख लिहून ‘मेमेक्स’ नांवाच्या यंत्राची कल्पना मांडली. माणसाचें मन वर्गवारीनें चालत नाहीं, एका गोष्टीवरून दुसरीची आठवण होऊन चालतें, असें त्यांचें म्हणणें होतें. क्रूसेडांतील तुर्की आंखूड धनुष्य इंग्रजी लांब धनुष्याहून सरस कां ठरलें, ह्याचा शोध घेणारा अभ्यासक एका पुस्तकांतील पान दुसऱ्या पुस्तकांतील पानास जोडीत जाईल, आणि अशी तयार झालेली वाट पुढें आपल्या मित्राला देईल, असें उदाहरण त्यांनीं दिलें आहे. ओतले ह्यांच्या योजनेंत जोडणी तज्ज्ञांनीं करावयाची होती. येथें ती वाचकानेंच करावयाची होती. हें यंत्र कधीं बनलें नाहीं. परंतु त्यावरून पुढील पिढीस दिशा मिळाली. १९६५ सालीं टेड नेल्सन ह्यांनीं अशा जोडलेल्या लेखनास ‘हायपरटेक्स्ट’ हें नांव दिलें. त्यांचा आग्रह असा कीं, दुवा दोन्ही बाजूंनीं दिसला पाहिजे; आपल्या लेखनाचा आधार कोण घेत आहे, हें मूळ लेखकासही कळलें पाहिजे.

येथें तारा आणि पानें ह्यांतील भेद ध्यानीं ठेवावा. संगणकास संगणक जोडण्याचें काम निराळें; तें २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठ व ‘स्टॅनफर्ड संशोधनसंस्था’ ह्यांमध्यें सुरू झालें. त्या रात्रीं ‘लॉगिन’ हा शब्द पाठवितांना पहिलीं दोनच इंग्रजी अक्षरें पोहोंचलीं व यंत्र बंद पडलें. पानांस पान जोडण्याचें काम पुढें वीस वर्षांनीं जिनिव्हाजवळील ‘सर्न’ ह्या संशोधनसंस्थेंत झालें. तेथें माणसें थोडीं वर्षें काम करून निघून जात आणि त्यांच्याबरोबर त्यांची माहितीही जाई. ह्यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली ह्यांनीं मार्च १९८९ मध्यें एक टिपण सादर केलें. त्यांतूनच वेब जन्मास आलें. त्यांनीं नेल्सन ह्यांची अट सोडून दिली. ह्या जाळ्यांतील दुवा एकेरी असतो. तो देण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. ह्याची किंमत अशी कीं, मूळ पान नाहींसें झालें तरी दुवा तसाच लोंबकळत राहतो. परंतु त्यामुळेंच हें जाळें कोणासही वाढवितां येऊं लागलें. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही विद्या सर्वांस विनामूल्य खुली केली. त्याच वर्षाच्या आरंभीं मिनेसोटा विद्यापीठानें आपल्या ‘गोफर’ ह्या प्रतिस्पर्धी पद्धतीवर कांहीं प्रसंगीं शुल्क घेण्याचें जाहीर केलें होतें. त्यानंतर लोकांनीं गोफरकडे कशी पाठ फिरविली, हें सर्वश्रुत आहे.

आतां बुद्धीविषयीं. पानें लाखांनीं वाढल्यावर हवें तें कसें सांपडावें, ही अडचण आली. १९९८ सालीं गूगल कंपनी काढणाऱ्या लॅरी पेज व सर्गे ब्रिन ह्यांनीं तिच्यावर जी युक्ति काढली, ती विद्वानांच्या तळटीपांवरून सुचलेली होती. ज्या पानाकडे पुष्कळ पानें बोट दाखवितात, तें पान महत्त्वाचें. आणि बोट दाखविणारें पान स्वतः महत्त्वाचें असेल, तर त्या बोटाचें वजन अधिक. शास्त्रीय लेखांच्या बाबतींत अशी मोजदाद यूजीन गारफील्ड ह्यांच्या १९६४ सालच्या सूचीपासून चालू होतीच. म्हणजे शोधयंत्राची जी हुशारी आपण वाखाणतों, ती असंख्य माणसांनीं आपला विवेक वापरून दिलेल्या दुव्यांची बेरीज होती. यंत्रानें बुद्धि उसनी घेतली, आणि ती कोणाकडून घेतली हें तें दाखवीतही असे. कारण उत्तर म्हणून तें मूळ पानाचाच पत्ता देई.

मे २००१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत बर्नर्स-ली व त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं पुढचें स्वप्न मांडलें. एका आजारी आईच्या उपचारांच्या वेळा तिचीं मुलें यंत्रांकरवीं ठरवितात. यंत्रें वैद्यांचीं वेळापत्रकें, विम्याच्या अटी व घरापासूनचें अंतर आपसांत जुळवून घेतात, असें चित्र त्यांनीं रंगविलें. ह्यासाठीं प्रत्येक पानावर यंत्रास कळेल अशी अर्थाची चिठ्ठी लावणें आवश्यक होतें. हें स्वप्न जसें पाहिलें होतें तसें साकार झालें नाहीं. चिठ्ठ्या लावण्याचे कष्ट सर्वांस, आणि खोटी चिठ्ठी लावून फायदा घेण्यास लबाड लोक तयार! तथापि तो यत्न सर्वस्वीं वायां गेला, असेंही म्हणतां येत नाहीं. २०१२ सालीं सुरू झालेला ‘विकिडेटा’ हा त्याच विचाराचा वंशज आहे.

अखेर यंत्रास बुद्धि आली ती निराळ्याच दारानें. २०१७ सालीं गूगलमधील संशोधकांनीं भाषा शिकविण्याची नवी रचना प्रसिद्ध केली, आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें आलें. ह्या यंत्रांनीं चिठ्ठ्यांची वाट पाहिली नाहीं. माणसांनीं लिहिलेलीं पानेंच त्यांनीं अफाट प्रमाणांत वाचलीं, आणि कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव आहे, ह्याचा अभ्यास करून तीं वाक्यें रचूं लागलीं. ही बुद्धीही उसनीच. परंतु देणेकऱ्यानें वहींत सावकाराचें नांव लिहिलेलें नाहीं. तयार झालेल्या उत्तरांत अमुक वाक्य कोणाकडून आलें, तें बहुधा यंत्रासही सांगतां येत नाहीं. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथील संघराज्य न्यायालयांत वकिलांनीं अशा यंत्राच्या भरंवशावर पूर्वींच्या निवाड्यांचे दाखले दिले. ते निवाडे अस्तित्वांतच नव्हते. न्यायाधीशांनीं ५,००० डॉलर दंड केला. दाखला देण्याची ढब यंत्र शिकलें होतें. दाखल्यामागची जबाबदारी ही शिकून येणारी वस्तु नव्हे. अलीकडील यंत्रें शोध घेऊन उत्तराखालीं मूळ पानांचे दुवे देऊं लागलीं आहेत, हें सांगणें न्यायाचें होईल. परंतु तयार उत्तर हातीं आल्यावर ते दुवे उघडण्याचे कष्ट किती वाचक घेतील, ही शंका उरतेच.

येथें मराठी वाचकाचा संबंध कसा येतो, तें पाहूं. जें लेखन जाळ्यांत नाहीं, तें ह्या उसन्या बुद्धींतही नाहीं. देवनागरीस ‘युनिकोड’ ह्या जागतिक संकेतांत १९९१ सालीं स्थान मिळालें. तरी पुढें कित्येक वर्षें आपले छापखाने प्रत्येक कंपनीचा निराळा टंक वापरीत राहिले. तें लेखन डोळ्यांस मराठी दिसे, यंत्रास मात्र तीं निरर्थक चिन्हें वाटत. ज्ञानकोशकार केतकर ह्यांनीं भागभांडवलाची कंपनी काढून, दारोदार वर्गणीदार मिळवून ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले, कारण इंग्रजी कोशांत आपलें जग पुरतें सांपडत नाहीं हें त्यांस दिसत होतें. त्यांच्यापुढें जो प्रश्न होता, तोच आज नव्या रूपानें आपल्यापुढें आहे. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून चालू आहे. त्यांत कोणासही लिहितां येतें, आणि प्रत्येक विधानास आधार मागण्याची तेथें रीत आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या कपाटांत गांवांचे, घराण्यांचे, व्यवसायांचे इतिहास पडून आहेत. ते जाळ्यांत न आल्यास यंत्र आपल्याविषयीं इतरांच्या शब्दांनींच बोलेल, आणि आपलींच मुलें तें खरें मानतील.

तेव्हां ह्या जाळ्याचें भवितव्य यंत्र किती हुशार होतें ह्यावर अवलंबून नाहीं, असा आमचा अभिप्राय आहे. ब्रुसेल्सचें जाळें एका मालकाच्या हातीं होतें म्हणून मोडलें. सर्नचें जाळें कोणासही दुवा देतां येत होता म्हणून वाढलें. उद्यां उत्तरें देणारीं यंत्रें थोड्या कंपन्यांच्या हातीं राहिलीं आणि वाचकानें मूळ पानाकडे जाणें सोडलें, तर लिहिणारास वाचक उरणार नाहीं. लिहिणारा थांबला, कीं यंत्रास उसनें घेण्यास नवें कांहीं मिळणार नाहीं. पाणी उपसणाऱ्या मोटेनें झरा निर्माण होत नसतो. म्हणून यंत्राचें उत्तर खुशाल घ्यावें. परंतु घरांतील मुलांनीं तें मोठ्यांस वाचून दाखविलें, तर मोठ्यांनीं जुना प्रश्न अवश्य विचारावा कीं, हें कोठें सांगितलें आहे? आणि मूळ पान उघडून दोघांनीं मिळून तें वाचावें.