वाड्यातील गारवा

पुण्याचा जुना वाडा उन्हाळ्यात गार असे, हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे कारण विचारावे असे कोणास वाटत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले: भिंती जाड होत्या! हे उत्तर अर्धे खरे आहे.

प्रथम आपल्या हवेकडे पाहावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले. चैत्र-वैशाखात दुपारी पारा 38 अंशांपर्यंत चढतो. पण पहाटे तो 20-22 पर्यंत उतरतो. मुंबईच्या दमट हवेला एवढी उतरण ठाऊक नाही. ही थंड पहाट हेच पुणेरी घरबांधणीचे भांडवल.

आता भिंत. दोन फुटी दगडी भिंतीतून बाहेरचे ऊन आत झिरपावयास बारा तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे दुपारची झळ आत पोचते ती मध्यरात्रीनंतर, बाहेर गारवा असताना. त्या वेळी दारे-झरोके उघडे असले तर ती चौकावाटे आकाशात निघून जाते आणि भिंत पुन्हा थंड होते. भिंत गारवा निर्माण करीत नाही. पहाटेचा गारवा दुपारपर्यंत सांभाळते. रात्री उघडणारा आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी मिटून घेणारा कोणी नसेल, तर तीच भिंत भट्टीसारखी तापून राहते.

चौकात पाणीही असे. 1732 साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्यातील हजारी कारंजे सर्वांस ठाऊक आहे. परंतु 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळाचे पाणी शहरातील हौदांतही खेळू लागले. कोरड्या हवेत चौकात शिंपलेले पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते. शिंपण्याचे कष्ट मात्र गडीमाणसांचे नि घरच्या बायकांचे, हे वाड्याची थोरवी गाणारे सहसा सांगत नाहीत. माजघर गार होते तसेच अंधारे होते, आणि चुलीच्या धुराने कोंदटही.

पुढे वाडे बिऱ्हाडांत वाटले गेले. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले. दुरुस्ती मालकास परवडेना, भाडेकरूस ती आपली वाटेना. ओसरीवर पत्र्याचे आडोसे उभे राहिले. एका कुटुंबाची दिनचर्या होती तोवर चौक सर्वांचा होता. दहा बिऱ्हाडे झाल्यावर तो कोणाचाच राहिला नाही. माझ्या मते वाड्यातील गारवा भिंती पडण्याआधीच गेला. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीत रचलेल्या भिंती पाण्याने विरघळल्या, आणि त्या जागी सिमेंट आले.

सिमेंटला दोष देण्यात अर्थ नाही. पण सहा इंची उघड्या स्लॅबमधून ऊन चारेक तासांत खाली उतरते. दुपारी दोनची उष्णता सायंकाळी सहाला, नेमके आपण कामावरून परततो तेव्हा, डोक्यावर येऊन बसते. म्हणून वरच्या मजल्यावरील गृहस्थ गच्चीला पांढरा रंग देतो, आणि तो बरोबर करतो: उन्हाचा मोठा भाग गच्चीवरूनच परत जातो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा चिकाचा पडदा हवा. आतला पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो. राहिली पहाटेची खिडकी. ती डासांच्या आणि चोराच्या भीतीने बंद असते. जाळी आणि गज यांचा खर्च एकदाच येतो, यंत्राचा दरमहा.