कप्तानाचा स्वभाव आणि मंकडचा चेंडू

वस्ताद तापट असला की पोरं घडतात की बिथरतात, हा पलूस-कुंडलच्या कुस्तीवेड्या पट्ट्यात कधीही निघू शकणारा विषय. क्रिकेटमध्ये हाच प्रश्न कप्तानाबद्दल विचारला जातो. भारतीय संघापुरता त्याचा सगळ्यात चांगला दाखला पलूसहून तासाभराच्या वाटेवर, सांगलीत सापडतो. ११ मार्च १९१५ रोजी सांगलीतल्या एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी विजय हजारे जन्मले.

सुरुवातीच्या काळात कप्तानपद म्हणजे संस्थानिकांची मिरास होती. १९३२च्या इंग्लंड दौऱ्यावर संघाचे नेते पोरबंदरचे महाराज होते. आपला खेळ कसोटीच्या तोलाचा नाही हे ओळखून त्यांनी मैदानावरची सूत्रं सी. के. नायडूंकडे दिली, एवढा शहाणपणा त्यांच्याकडे होता. १९३६च्या विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे तो नव्हता. त्या दौऱ्यात लाला अमरनाथ यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून पहिल्या कसोटीआधीच मायदेशी पाठवण्यात आलं. स्वभाव बघून कप्तान नेमावा, ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती.

हजारेंच्या वाट्यालाही संस्थानं आली, पण आश्रयदाते म्हणून. जतच्या राजांनी ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांना बोलावलं आणि हजारेंना त्यांचं मार्गदर्शन मिळालं. पुढे ते बडोद्याकडून खेळले. १९४८च्या जानेवारीत ॲडलेडला, ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. माणूस अबोल, संकोची. चारचौघांत आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

असा माणूस १९५१मध्ये भारताचा कप्तान झाला. दिल्लीच्या पहिल्याच कसोटीत त्यांनी नाबाद १६४ धावा काढल्या, भारताला २१५ धावांची आघाडी मिळाली, तरी इंग्लंडने सामना वाचवला. संथ खेळामुळे विजय निसटला, अशी टीका झाली. कप्तानाची हीच सावध वृत्ती संघाला नडते, असं म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला. पण याच मालिकेच्या शेवटी, १९५२च्या फेब्रुवारीत, मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. १९३२पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिला विजय, आणि कप्तान तेच सावध हजारे.

पुढचा उन्हाळा इंग्लंडचा. लीड्सला दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव नसताना चार गडी तंबूत परतले होते. नवख्या फ्रेड ट्रुमनने त्यातले तीन घेतले. हजारे खेळायला आले आणि दत्तू फडकरबरोबर त्यांनी १०५ धावा जोडल्या. पहिल्या डावात तरुण विजय मांजरेकरबरोबर २२२ धावांची भागी करणारेही तेच होते. घाबरलेल्या संघात सर्वांत स्थिर माणूस कप्तानच होता. तरीही चारपैकी तीन कसोट्या भारत हरला. मँचेस्टरला तर एकाच दिवसात संघ ५८ आणि ८२ धावांत दोनदा बाद झाला.

मग क्रिकेट मंडळाने उलट्या टोकाचा माणूस निवडला. १९५२च्या अखेरीस पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या मालिकेत पुन्हा कप्तान झाले अमरनाथ: रोखठोक, भडक, मंडळाशी उभा दावा मांडणारे. १९४९मध्ये मंडळाच्या अध्यक्षांनी, अँथनी डिमेलोंनी, त्यांना बेशिस्तीसाठी निलंबितही केलं होतं. मालिका भारताने २-१ अशी जिंकली. कप्तान तापटच हवा, असा निष्कर्ष इथे सहज काढता येतो.

तो टिकत नाही, कारण धावफलकावर तिसरंच नाव आहे. मद्रासच्या विजयात अष्टपैलू विनू मंकडने १२ बळी घेतले होते, पाकिस्तानविरुद्धच्या दिल्लीच्या विजयात १३, मुंबईच्या विजयात ८. लखनौला भारत डावाने हरला, त्या सामन्यात मंकडही नव्हता आणि हजारेही. अमरनाथचा करारीपणा त्या दिवशी मैदानावर होताच. इंग्लंडमध्ये लीड्सलाही मंकड संघात नव्हता. दौऱ्यावर जागा नक्की मिळेल, असा शब्द निवड समितीने दिला नाही, म्हणून त्याने हॅसलिंग्डन क्लबशी करार केला होता. लॉर्ड्ससाठी त्याला सोडवून आणलं, तर त्याने ७२ आणि १८४ धावा करून एका डावात पाच बळीही घेतले.

अमेरिकेत बेसबॉल संघाच्या मॅनेजरबद्दल हा वाद फार जुना आहे. न्यूयॉर्कचा जॉन मॅकग्रॉ पंचांवर तुटून पडायचा. फिलाडेल्फियाचा कॉनी मॅक कोट-टाय घालून शांत बसायचा. सौम्य मॅकने १९१०, १९११ आणि १९१३ची वर्ल्ड सिरीज जिंकली. मग पैशांच्या चणचणीत चांगले खेळाडू गेले आणि १९१५पासून सलग सात वर्षं त्याचा संघ तळाला राहिला. मॅकचा स्वभाव बदलला नव्हता, संघ बदलला होता.

हजारे आणि अमरनाथ यांचे आकडे शेजारी ठेवले तर गंमत दिसते. हजारे: १४ कसोट्या, १ विजय, ५ पराभव. अमरनाथ: १५ कसोट्या, २ विजय, ६ पराभव. स्वभावाचा परिणाम दिसतो तो कप्तानाच्या स्वतःवर. मनातली काळजी बोलून मोकळा होणारा माणूस वेगळा आणि ती पोटात ठेवून खेळायला जाणारा वेगळा. १९५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर कप्तानपद पुन्हा हजारेंकडे आलं, पण पाच कसोट्यांत मिळून त्यांच्या दोनशे धावाही झाल्या नाहीत आणि तीच त्यांची शेवटची मालिका ठरली. कप्तानपदाच्या ओझ्याने या फलंदाजाचं नुकसान केलं, असं त्यांचे समकालीन फलंदाज विजय मर्चंट यांचं मत होतं.

यानंतरचा भारताचा कसोटी दौरा १९५४-५५मध्ये पाकिस्तानचा होता. या खेपेला कप्तानपद खुद्द मंकडकडे दिलं गेलं. पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या.