क्युबात क्षेपणास्त्रं, हिमालयात युद्ध: महासत्तांच्या भांडणात भारत कसा सापडला आणि यशवंतराव चव्हाणांनी वाट कशी काढली?

महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णा आणि कोयना या नद्या कराडला एकमेकींना भेटतात. तिथल्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. देवराष्ट्रे हे त्यांचं जन्मगाव. १९१३ मध्ये ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री ही त्यांची ओळख सगळ्यांनाच आहे. पण अमेरिका आणि सोव्हिएत संघ अण्वस्त्रं घेऊन एकमेकांसमोर उभे असताना भारताच्या वतीने या दोघांशी बोलणी करण्याची वेळही त्यांच्यावर आली. आधी संरक्षणमंत्री म्हणून, नंतर परराष्ट्रमंत्री म्हणून. त्या काळात नेमकं काय घडलं?

एकाच महिन्यात दोन संकटं

ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रं वाहून नेणारी क्षेपणास्त्रं आणल्याचे फोटो १६ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हातात पडले. जग अणुयुद्धाच्या तोंडावर आलं. त्याच आठवड्यात, २० ऑक्टोबरला, चीनने लडाख आणि नेफा म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात हल्ला केला.

ही दोन संकटं वेगळी होती, पण एकाचा परिणाम दुसऱ्यावर झाला. क्युबाच्या पेचात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना चीनचा पाठिंबा हवा होता. त्यामुळे भारताची मैत्री बाजूला पडली. २५ ऑक्टोबरला 'प्रावदा' या सोव्हिएत पक्षाच्या वृत्तपत्राने चीनचा प्रस्ताव उचलून धरला. भारताने मागवलेली मिग-२१ विमानंही लांबणीवर पडली.

२८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे घ्यायचं मान्य केलं. बदल्यात अमेरिकेने क्युबावर हल्ला न करण्याचं वचन दिलं आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढण्याचं गुपचूप कबूल केलं. हा पेच सुटल्यावर मॉस्कोचा सूर पुन्हा भारताच्या बाजूने झुकला.

इकडे आघाडीवर परिस्थिती बिघडत होती. १९ नोव्हेंबरला पंतप्रधान नेहरूंनी केनेडींना दोन पत्रं लिहून लढाऊ विमानांच्या तुकड्या मागितल्या. अलिप्ततेचं धोरण मांडणाऱ्या नेत्याने एका महासत्तेकडे थेट हवाई मदत मागितली होती. ती येण्याआधीच, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

सह्याद्री दिल्लीत

पराभवानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना बोलावून घेतलं. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं महाराष्ट्रात आजही म्हटलं जातं, ते यावरूनच. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा होता, उत्तर मात्र अवघड. शस्त्रं कोणाकडून घ्यायची?

डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने मिळून १२ कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत ठरवली. पण सोबत काश्मीरवर पाकिस्तानशी बोला, असा आग्रहही आला. स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्यात चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. मे १९६३ पर्यंत त्यातून काहीच निघालं नाही.

वॉशिंग्टनचा नकार, मॉस्कोचा होकार

मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेला गेले. भारताला एफ-१०४ ही स्वनातीत लढाऊ विमानं हवी होती. तीच विमानं अमेरिकेने पाकिस्तानला आधीच दिली होती, कारण पाकिस्तान अमेरिकेच्या लष्करी गटांत सामील होता. भारताला मात्र ती मिळाली नाहीत. दौरा सुरू असतानाच २७ मे रोजी नेहरूंचं निधन झालं आणि यशवंतरावांना परतावं लागलं.

त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. तोवर सोव्हिएत संघ आणि चीन यांच्यातलं भांडण उघड झालं होतं. चीनच्या शेजारी बळकट भारत असणं मॉस्कोला आता सोयीचं होतं. त्यामुळे नुसती विमानंच नव्हे, तर ती भारतात बनवण्याचं तंत्रज्ञानही मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो मिग-२१ साठीच. या विमानाने भारतीय हवाई दलात सहा दशकांहून जास्त सेवा केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त झालं.

चीनचा बॉम्ब आणि ताश्कंद

१६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने लोप नोर इथे पहिली अणुचाचणी केली. दोन वर्षांपूर्वी भारताला हरवणारा शेजारी आता अण्वस्त्रधारी झाला होता. भारतानेही बॉम्ब बनवावा, ही मागणी इथूनच जोर धरू लागली.

पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. १ सप्टेंबर १९६५ ला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकल्यावर यशवंतरावांनी हवाई दल वापरायला लगेच परवानगी दिली. अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रं रोखली. चीनने भारताला निर्वाणीचा इशारा दिला. शेवटी सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला मध्यस्थी केली आणि अमेरिकेने त्याला विरोध केला नाही. या भागात चीनचं वजन वाढू नये, यावर दोन्ही महासत्तांचं एकमत होतं. १० जानेवारीला करार झाला. भारताच्या शिष्टमंडळात यशवंतरावही होते. त्याच रात्री लालबहादूर शास्त्रींचं निधन झालं.

पोखरणनंतरची खुर्ची

१८ मे १९७४ ला भारताने पोखरणमध्ये अणुचाचणी केली. अमेरिका आणि तिचे मित्र नाराज झाले. त्याच ऑक्टोबरमध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले आणि काही दिवसांतच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर दिल्लीत आले. १९७१ च्या युद्धात अमेरिकेने बंगालच्या उपसागरात विमानवाहू जहाज 'एंटरप्राइझ' पाठवल्याची आठवण ताजी होती. तरीही दोघांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या केल्या.

फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानवरची शस्त्रबंदी उठवली, तेव्हा यशवंतरावांनी आपला ठरलेला वॉशिंग्टन दौरा पुढे ढकलून निषेध नोंदवला. बोलणी मात्र तोडली नाहीत. त्याच ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेला गेले. एप्रिल १९७६ मध्ये चीनला पुन्हा राजदूत पाठवण्याचा निर्णय त्यांनीच संसदेत जाहीर केला. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन हे ते राजदूत. युद्धानंतर सुमारे १४ वर्षांनी दोन्ही देशांत पुन्हा राजदूत स्तरावर संबंध सुरू झाले.

यातून काय दिसतं?

सोव्हिएत संघाने १९६२ मध्ये विमानं अडवली आणि १९६४ मध्ये कारखान्याला हात दिला. अमेरिकेने १९६२ मध्ये मदत धाडली आणि १९६५ मध्ये रोखली. दरम्यान भारताची गरज बदलली नव्हती. बदललं होतं ते महासत्तांचं आपसातलं गणित.

म्हणून यशवंतरावांच्या काळात धोरण असं राहिलं: सगळ्यांशी बोलायचं, एकाच दारावर विसंबून राहायचं नाही आणि जमेल ते इथेच बनवायचं. यातलं तिसरं काम सगळ्यांत अवघड ठरलं. मिग देशात बनू लागलं, पण आराखडा, परवाना आणि कित्येक सुटे भाग यांसाठी भारत मॉस्कोवर अवलंबूनच राहिला. ओझरला नंतर सुखोई-३० विमानं बनली, तीही रशियन परवान्यावरच. दुसऱ्याच्या भांडणात आपली शस्त्रं अडकू नयेत, हा १९६२ चा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही.