घरचीं जुनीं पोस्टकार्डें आणि त्यांचा बाजार

वऱ्हाडांतील जुन्या घरांत ओसरीच्या भिंतीस तारेचा एक आंकडा अडकवलेला असे. पोस्टमननें आणलेलें कार्ड वाचून झालें कीं तें त्या तारेंत टोंचून ठेवावयाचें, असा रिवाज होता. तार भरली म्हणजे तो गठ्ठा माळ्यावर जाई आणि तिच्या जागीं नवी तार येई. पुढें घराच्या वाटण्या होतात, वाडा पाडला जातो, आणि तो गठ्ठा पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या नातवाच्या हातीं पडतो. इंटरनेटवरील बाजारांत जुन्या कार्डांना गिऱ्हाईक आहे असें त्यास कळतें. हीं कार्डें विकावीं काय, आणि विकावयाचीं तर कशीं, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यांतील अनेक घरांपुढें उभा राहण्यासारखा आहे. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं या कागदाच्या तुकड्याचा इतिहास पाहणें अवश्य आहे.

पोस्टकार्डाची कल्पना ऑस्ट्रियांतील एमान्युएल हेर्मान या अर्थशास्त्राच्या अध्यापकानें 1869 च्या आरंभीं वर्तमानपत्रांतून मांडली, आणि त्याच वर्षीं 1 ऑक्टोबर रोजीं तेथील सरकारनें ती अंमलांत आणली. हिंदुस्थानांत पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजीं सुरू झालें. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. बंद पत्रास त्या वेळीं अर्धा आणा पडे. परदेशीं जाणाऱ्या कार्डास मात्र दीड आणा द्यावा लागे. पाव आण्याचा हा दर 1922 पर्यंत टिकला व त्या वर्षीं तो अर्ध्या आण्यावर गेला. चाळीस वर्षांहून अधिक काळ एका पैशांत देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत खुशाली कळवितां येत होती. म्हणूनच श्रीमंतांचीं पत्रें इतिहासांत पूर्वींपासून आहेत, पण सामान्य माणसाचें पत्र मोठ्या संख्येनें सांपडतें तें पोस्टकार्डाच्या काळापासून.

यवतमाळच्या कार्डांवर त्या जिल्ह्याचा इतिहासही उमटलेला असतो. पूर्वीं या जिल्ह्यास वणीच्या नांवानें ओळखीत. 1905 सालीं दारव्हा व पुसद हे तालुके त्यास जोडण्यांत आले व जिल्हा यवतमाळचा झाला. तेव्हां कार्डावरील पत्त्यांत जिल्ह्याचें नांव काय घातलें आहे, एवढ्यावरूनही काळाचा अंदाज बांधतां येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची आगगाडी आली, तीच पुढें ‘शकुंतला’ या नांवानें प्रसिद्ध झाली. तिच्या डब्यांतून कापूस बाहेर जाई. अशा मुलुखांतील कार्डांत कापसाचा भाव, पावसाची ओढ आणि मुलीच्या सासरची खुशाली हीं एकाच दमांत यावीं, यांत नवल नाहीं. 1930 च्या जुलै महिन्यांत बापूजी अणे यांनीं पुसद येथें जंगल सत्याग्रह केला. त्या दिवसांत या भागांतून गेलेलें एखादें साधें खुशालीचें कार्डही अभ्यासकास मोलाचें ठरूं शकतें. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत तर टपालामुळें एका गांवाचें नांवच बदललें. गांधीजी जेथें राहावयास गेले त्या शेगांवचें टपाल बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवास जाऊं लागलें. म्हणून 1940 सालीं त्याचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें.

या गठ्ठ्यांत जें नसतें तेंही लक्षांत घेतलें पाहिजे. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि तें वाचल्यावर घरांत न ठेवतां फाडून टाकण्याची चाल होती. त्यामुळें तारेवर लग्नें राहतात, बारशीं राहतात, मरणें बहुधा राहत नाहींत. शिवाय त्या घरानें लिहिलेलीं पत्रें परगांवीं गेलेलीं असतात. तारेवर असतात तीं दुसऱ्यांचीं उत्तरें. कार्ड उघडें असल्यानें घरचें गुपितही त्यावर कोणी लिहीत नसे. असा हा अर्धाच संवाद आहे. त्याचा अर्थ लागतो तो क्रमावरून. तारेवर जें कार्ड आधीं चढलें तें खालीं व जें मागून आलें तें वर, आणि तारीख पुसली गेली असली तरी हा क्रम बोलतो.

आतां बाजाराची दृष्टि पाहावी. चित्रकार्डांना मागणी मोठी. रविवर्मा छापखान्याचीं चित्रें, महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं रंगविलेलीं मुंबईचीं माणसें, किंवा जर्मनींत छापून आलेलीं शहरांचीं दृश्यें असलीं, तर संग्राहक चढा भाव देतात. साध्या कार्डांत ते तिकीट आणि लहान पोस्टाचा स्पष्ट शिक्का पाहतात. मजकूर त्यांच्या हिशेबीं दुय्यम. तारेचें भोंक हा तर दोषच, आणि मोडी लिपींतील कार्ड कोणास वाचतां येत नाहीं म्हणून तें ढिगांत स्वस्त जातें. अर्थात् इतिहासाला जें हवें तें बाजारास नको असतें. चांगलीं पांच-पन्नास कार्डें निवडून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांस गेलीं कीं उरलेला गठ्ठा मुका होतो.

तरी विक्री म्हणजे नाशच असें मानण्याचें कारण नाहीं. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेंतील स्नेही हर्मन कॅलनबाख यांच्या वारसांकडील पत्रसंग्रह 2012 सालीं लंडन येथें लिलावास निघाला होता. लिलावापूर्वींच भारत सरकारनें तो एकत्र विकत घेतला. वारसांस मोबदला मिळाला आणि संग्रह अभंग राहिला. खुद्द यवतमाळांत डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं शारदाश्रमाच्या द्वारें महानुभावांच्या जुन्या पोथ्या जमविल्या, आणि 1925 सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पोथ्याही कोणाच्या तरी घरीं पडून होत्या.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. 1972 च्या पुरावस्तूंविषयींच्या कायद्याप्रमाणें ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलादृष्ट्या मोलाचा दस्तऐवज 75 वर्षांचा झाला म्हणजे तो पुरावस्तु ठरतो, आणि पुरावस्तु खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. इंटरनेटवरील गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडचें असूं शकतें; म्हणून मोलाचें वाटणारें कार्ड बाहेर धाडण्यापूर्वीं पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. दुसरी गोष्ट अशी कीं वारसा मिळतो तो कागदाचा. त्यावरील शब्द छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा असतो.

तेव्हां ज्यास गरजेपोटीं विकावें लागेल त्यानें अवश्य विकावें. त्यांत लाज नाहीं. मात्र तारेवरून काढण्यापूर्वीं प्रत्येक कार्डास वहींत क्रमांक द्यावा. दोन्हीं बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. मोडी जाणणारा कोणी भेटल्यास मजकूर वाचून घ्यावा, आणि घरांतील वडील माणसांस विचारून पत्रांतील नांवांचीं नातीं टिपून ठेवावीं. तीं माणसें गेल्यावर ही माहिती कोणत्याही बाजारांत मिळावयाची नाहीं. शक्य तर सगळा गठ्ठा एकाच संस्थेस अथवा एकाच संग्राहकास द्यावा. भाव थोडा कमी आला तरी आजोबांच्या ओसरीवर कोणकोणत्या गांवांहून काय काय बातमी आली, हें पुढच्या पिढीस एका जागीं वाचतां येईल.