तीन बावधन आणि एक तक्ता

दवाखान्यात केसपेपर काढताना नाव आणि वय सांगून झालं की पुढचा प्रश्न येतो, 'गाव कोणतं?' समजा उत्तर आलं, 'बावधन'. सांगणाऱ्याचं काम संपलं, पण लिहिणाऱ्याचं इथून सुरू होतं. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीकडच्या वाटेवर बावधन बुद्रुक आहे, तसंच बावधन खुर्दही आहे. शिवाय रंगपंचमीच्या बगाडासाठी प्रसिद्ध असलेलं बावधन आहे सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यात. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. फारसीतून आलेल्या या दोन शब्दांवर आपल्या पूर्वजांनी सारख्या नावांचा घोळ पिढ्यान् पिढ्या निभावून नेला. आज तोच घोळ संगणकापुढे उभा आहे.

रोग्याच्या पत्त्याचं मोल जगाला कळलं ते १८५४ साली. लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूच्या सरकारी नोंदींतून पत्ते उतरवून घेतले आणि घरोघर चौकशी केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती झालेले दिसले. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण रोग पाण्यातून पसरतो, हे पत्त्यांच्या त्या यादीनं दाखवून दिलं.

आपल्याकडे १८७२ साली पहिली जनगणना झाली आणि १८८१ पासून ती ठरावीक काळानं होऊ लागली. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ सालचा. पुढे नावांच्या जोडीला क्रमांक आले. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक मिळाला. नाव सारखं असलं तरी क्रमांक वेगळा. दवाखान्यातला केसपेपर मात्र बराच काळ कारकुनाच्या हस्ताक्षरावरच चालला.

२००४ साली 'ओपनएमआरएस' या मुक्त वैद्यकीय नोंदप्रणालीचं काम सुरू झालं आणि २००६ मध्ये ती केनियातल्या एल्डोरेट इथं वापरात आली. तिच्याच पायावर उभारलेली 'बाहमनी' प्रणाली छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात प्रथम वापरली गेली. अशा प्रणालीला आधी गावं, उपकेंद्रं, दवाखाने यांची ओळख करून द्यावी लागते. हजारो नावं एकेक करून टंकत बसणं शक्य नसतं. म्हणून ती एक्सेलसारख्या तक्त्यात मांडून एकदम आत घेतली जातात. एका ओळीत एक ठिकाण. त्याचं नाव, क्रमांक, प्रकार आणि ते कोणाच्या पोटात येतं ते. क्रम महत्त्वाचा. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. तालुकाच आत नसेल, तर गाव बिनमायबापाचं राहतं.

तक्ता सोयीचा खरा, पण फार आगाऊ. क्रमांक '०१' लिहिला तर तो आपण होऊन शून्य गाळतो आणि '१' ठेवतो. जनगणनेत जम्मू-काश्मीरचा क्रमांक ०१ होता, हे त्याच्या गावी नसतं. नावाची तारीख करून टाकण्याची खोड तर इतकी, की शास्त्रज्ञांनी २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली! बावधन 'बु.', 'बुद्रुक', 'बुद्रूक' असं तीन तऱ्हांनी लिहिलं, तर यंत्राच्या लेखी ती तीन गावं होतात.

हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नव्हे. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. कारण इतकंच, की एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. उरलेल्या गळाल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. साथीत चार दिवस म्हणजे फार झाले. उद्या डेंग्यूचे रुग्ण वाईच्या नावावर चढले, तर फवारणीची गाडी कुठे जाईल, याचा विचार करावा.

बावधनची गोष्ट इथंच संपत नाही. खुर्द आधीच पुणे महापालिकेत गेलं होतं. ३० जून २०२१ रोजी समाविष्ट झालेल्या २३ गावांमध्ये बुद्रुकही गेलं. गाव जागचं हललं नाही, पण कागदावरचं त्याचं घर बदललं. मग जुनी ओळ खोडायची का? मुळीच नाही. खोडली तर तिच्यावर टेकलेले जुने रुग्ण निराधार होतील. म्हणून ओपनएमआरएसमध्ये जुनं ठिकाण पुसत नाहीत. कारण नोंदवून त्याला 'निवृत्त' करतात. नव्या रुग्णांना ते दिसत नाही, जुन्यांचा आधार मात्र कायम राहतो.

तेव्हा यादी आत घालण्याआधी दहा ओळी घालून पाहाव्यात, आणि गाव ओळखणाऱ्या माणसाला, आशाताईंना किंवा ग्रामसेवकांना, ती एकदा वाचून दाखवावी. 'बावधन' म्हटल्यावर 'कुठलं हो?' असं विचारायचं यंत्राला आपण होऊन सुचत नाही. ते त्यांनाच सुचतं.