डोळ्यांवरची पट्टी कुणी बांधली?

मागच्या आठवड्यात नात आली आणि मोबाईलवर दोन पत्ते दाखवत म्हणाली, "आजी, लग्नाचं विचारलं होतं. बघ काय आलंय!" एका पत्त्यावर स्त्री-पुरुष आणि त्यांच्यावर पंख पसरलेला देवदूत. दुसऱ्यावर समुद्राकाठी बसलेली एक बाई, डोळ्यांना पट्टी, हात छातीवर आडवे आणि दोन्ही हातांत तलवारी. पहिला 'लव्हर्स', दुसरा 'टू ऑफ सोर्ड्‌स'. प्रेम आहे पण निर्णय होत नाही, असा या जोडीचा अर्थ म्हणे.

मी भविष्य मानत नाही, हे तिला ठाऊक आहे. पण सारा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. चित्र दिसलं की ते कुणी काढलं, कधी काढलं, असं विचारल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा पोरीच्या प्रश्नाचं उत्तर बाजूला ठेवून मी पत्त्यांच्याच मागे लागले.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो सुरू झाला आणि त्याची लेखी नोंद १४४० सालापासून सापडते. एकूण ७८ पत्ते. त्यातले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे, आणि उरलेले २२ चित्रांचे, त्यातले बहुतेक आपल्या हुकुमासारखे बाकीच्यांना मारणारे. १७८१ साली कूर द जेबेलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने लिहिलं, की यात प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान दडलेलं आहे. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉंने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे खोडून काढायला कुणी नव्हतं, तोवर गोष्ट रुजलीसुद्धा. भविष्य सांगण्याचा व्यवसाय त्यानंतरच फोफावला.

आता 'लव्हर्स'कडे येते. मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यासाठी हाताने रंगवलेले सोनेरी वर्खाचे जे पत्ते आज शिल्लक आहेत, त्यांत या पत्त्यावर हातात हात घेतलेलं जोडपं आहे. वर मदन आहे, आणि डोळ्यांवर पट्टी आहे ती त्या मदनाच्या! हे चित्र ब्यांका मारिया व्हिस्कोंती आणि फ्रांचेस्को स्फोर्झा यांच्या लग्नाचं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. ब्यांकाची सोयरीक झाली १४३२ मध्ये. ती तेव्हा सात वर्षांचीही नव्हती आणि नवरदेव तिशीतला भाडोत्री सेनापती. पुढची नऊ वर्षं तिचा बाप, मिलानचा ड्यूक, राजकारणाचा वारा फिरेल तसा शब्द फिरवत राहिला. अखेर १४४१ मध्ये क्रेमोना येथे लग्न लागलं. म्हणजे त्या 'प्रेमिकां'च्या गोष्टीत द्विधा मनःस्थिती होती ती बापाची. मुलीला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे फ्रान्समध्ये छापलेल्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत चित्र बदललं. मध्ये एक तरुण, दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया आणि वर बाण रोखलेला मदन. नावही एकवचनी, 'प्रेमिक'. एक स्त्री सद्गुण आणि दुसरी मोह, यांत त्याने निवड करायची, असा अर्थ लावला जाऊ लागला. निवड पुरुषाने करायची आणि बायकांनी दोन्ही बाजूंना उभं राहायचं!

नातीच्या मोबाईलमधली चित्रं मात्र १९०९ सालची, लंडनची. आर्थर वेट याने कल्पना दिली आणि चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने. वेटने तो मधला तरुण काढून टाकला आणि तिथे आदम-ईव्ह उभे केले. सद्गुण आणि मोह यांत अडकलेला पुरुष त्याला खुळचट वाटत होता. हा साधा मानवी प्रेमाचा पत्ता आहे, असं त्याचं म्हणणं. लव्हर्समधली दुविधा अशी गेली.

मग ती गेली कुठे? लोकांनी ती तलवारीवाल्या बाईला देऊन टाकली, असं मला वाटतं. गंमत म्हणजे वेटने त्या पत्त्याचा अर्थ समतोल आणि मैत्री असा दिला होता. अनिर्णय हा अर्थ नंतरच्या वाचकांनी चित्र बघून जास्त ठळक केला. इथे वेटच्या शब्दांवर पामेलाच्या चित्राने मात केली. आणि तिला काय मिळालं? थोडासा मोबदला. हा संच 'रायडर-वेट' म्हणून ओळखला जाऊ लागला, म्हणजे प्रकाशक आणि लेखक यांच्या नावाने. ती १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी कर्जात वारली. पत्त्यांच्या कोपऱ्यात तिची छोटीशी सही तेवढी आहे. नातीला भिंग देऊन ती शोधायला लावली.

त्याच संचात 'आठ तलवारीं'चा पत्ता आहे. त्यावरच्या बाईच्याही डोळ्यांना पट्टी आहे, पण तिच्या अंगालाही दोर आवळलेले आहेत. दोन तलवारींवालीला कुणीही बांधलेलं नाही. पट्टी ती स्वतः काढू शकते. फक्त त्यासाठी एक तलवार खाली ठेवावी लागेल.

हे सगळं सांगितलं तेव्हा नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लग्नानंतर मी इथली नोकरी सोडून त्याच्या गावी जायचं, हे त्याने गृहीत धरलंय. मी नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही."

"त्याला विचारलंस?"

"नाही. पत्त्यांना विचारलं."

आम्ही दोघीही हसलो. मग मी चहा टाकायला उठले आणि ती फोन घेऊन गच्चीवर गेली. चहा दोनदा गरम करावा लागला. काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. ब्यांकाच्या बापाइतकी लुडबुड मला करायची नाही. असो. सांगायचं असेल तेव्हा ती सांगेलच.